सहीचं पान : एका कपाटाच्या नोंदी

13 जानेवारी 2024

आजपासून ही वही. गेली सहा वर्षं जे हाती लागेल ते घेत गेले, आता काम आखून करायचं ठरवलंय. सही केलेल्या, मोजक्या प्रतींच्या, मनापासून बांधलेल्या अमेरिकन कादंबऱ्यांचं एक कपाट उभं करायचं. दहा पुस्तकं. अकरावं आलं तर आधीच्या दहांतलं एक द्यायचं.

सहीबद्दल माझा एक हट्ट आहे. ज्याची सही, त्याने त्याच आवृत्तीसाठी काम केलेलं असलं पाहिजे. मग तो लेखक असो, चित्रकार असो, नाहीतर मुद्रक. नंतर कधीतरी रांगेत उभं राहून कुणी घेतलेली सही मला नको. ती भेटीची आठवण असते, पुस्तकाचा भाग नसते. आणि जी प्रत घेईन ती वाचणार. काचेआड ठेवायला काही घेणार नाही. महिन्याला दीडशे डॉलर बाजूला काढते. एखादं पुस्तक महाग पडलं तर पुढचे महिने नुसतं बघत राहायचं.

आज कपाटात तीन आहेत. लिमिटेड एडिशन्स क्लबचं 1939 सालचं ‘टॉम सॉयर’, थॉमस हार्ट बेंटनची चित्रं आणि त्याचीच सही. फ्रँकलिन लायब्ररी या प्रकाशनसंस्थेचं 1978 सालचं ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’, पूर्ण कातडी बांधणी, तिन्ही कडा सोनेरी, कर्ट व्हॉनेगटची सही. तिसरा हॉथॉर्नच्या एका मर्यादित संचातला ‘द स्कार्लेट लेटर’चा सुटा खंड, 1900च्या आसपासचा, अर्ध्या कातडी बांधणीचा, मुखचित्राखाली चित्रकाराची सही. हा तिसरा आजारी आहे. हात लावला की बोटं विटकरी होतात.

16 जानेवारी

बाहेर उणे वीसच्या खाली. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या आमच्या घरात भट्टी रात्रंदिवस चालू आहे आणि कपाटातला आर्द्रतामापक 19 टक्के दाखवतोय. पुस्तकांना 40 ते 50 हवी. कातडं, चामपत्र, सरस, सगळं एवढ्या कोरड्या हवेत आक्रसतं. ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’चा वरचा पुठ्ठा एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर उचलला गेलाय. आज हॉलमधला ह्युमिडिफायर अभ्यासिकेत आणला, कपाट बाहेरच्या भिंतीपासून आतल्या भिंतीला सरकवलं. बाहेरच्या भिंतीशी थंडावा आणि ऊब यांचा खेळ चालतो, तो पुस्तकांना मानवत नाही.

संध्याकाळी 31 टक्के. एकदम वाढवायची नाही. दिवसाला दोन-तीन टक्के पुरे.

3 फेब्रुवारी

‘टॉम सॉयर’ पूर्ण तपासलं. पानांची मोजणी, चित्रं सगळी जागेवर, शिलाई घट्ट. स्लिपकेसच्या कडा मात्र झिजल्यात. या क्लबच्या पुस्तकांचं हेच दुखणं. पुस्तक राखायला केलेली पेटीच पुस्तक आतबाहेर करताना त्याला घासते.

शेवटचं नोंदपान हा मला सगळ्यांत आवडणारा भाग. जॉर्ज मेसीने 1929 साली न्यू यॉर्कमध्ये हा क्लब काढला. जास्तीत जास्त पंधराशे सभासद, दर महिन्याला एक पुस्तक, आणि पुस्तकाच्या शेवटी एक पान: किती प्रती, ही कितवी, कुणी छापली, चित्रं कुणाची, आणि खाली हाताने केलेली सही. पहिलं पुस्तक ऑक्टोबर 1929 मध्ये सभासदांच्या हातात पडलं. त्याच महिन्यात वॉल स्ट्रीट कोसळला. तरी क्लब चालत राहिला.

‘टॉम सॉयर’वर मार्क ट्वेनची सही असूच शकत नाही, तो 1910 मध्ये गेला. पण बेंटनची सही मला कमी वाटत नाही. बेंटन मिझुरीचा, ट्वेनही मिझुरीचा. 1936 साली बेंटनने जेफरसन सिटीच्या विधानभवनात त्या राज्याचा सामाजिक इतिहास भिंतींवर रंगवला, त्यात ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मधले हक आणि जिम आहेत. म्हणजे क्लबचं काम येण्याआधीच ट्वेनची पात्रं त्याच्या हातात बसलेली होती. मेसीने त्याच्याकडून 1939 मध्ये ‘टॉम सॉयर’, 1940 मध्ये स्टाइनबेकचं ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ आणि 1942 मध्ये ‘हकलबेरी फिन’ करून घेतलं. पंधराशे, अकराशे सेहेचाळीस आणि पुन्हा पंधराशे. आज बेरीज केली: चार हजार एकशे सेहेचाळीस सह्या. एकाच माणसाचा हात.

रात्री बाबांना व्हिडिओवर दाखवलं. बाबा साताऱ्याच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. सही दाखवली तर म्हणाले, “ते राहू दे. पान जरा तिरकं धर, दिवा बाजूने येऊ दे.” धरलं. अक्षरांचा दाब कागदात उतरलेला दिसला. बाबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “फर्मा छान बसवलाय. पानाच्या पुढच्या-मागच्या ओळी एकावर एक आहेत बघ.” पान उजेडापुढे धरलं. मागची ओळ पुढच्या ओळीवर तंतोतंत. हे पुस्तक माझ्याकडे पाच वर्षं आहे आणि ही गोष्ट मी आज पहिल्यांदा पाहिली.

24 फेब्रुवारी

एक पार्सल परत पाठवलं. जाहिरातीत लिहिलं होतं ‘लेखकाची सही’, आलेल्या पुस्तकावर सही होती ती पुठ्ठ्यावर, सोनेरी ठशाने उमटवलेली. आत कुठेही शाई नाही. विकणाऱ्याचं म्हणणं, सही ती सहीच. भांडून पैसे परत मिळाले, पाठवणावळ गेली. वाईट पैशांचं वाटलं नाही. पार्सल उघडेपर्यंत तीन रात्री मी त्या पुस्तकाची वाट बघत होते, त्याचं वाटलं.

यापुढे सहीचा जवळून काढलेला फोटो आणि सहीचं पान शिलाईत कसं बसलंय त्याचा फोटो, हे दोन मागितल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. घरी आल्यावर दहापट भिंगातून बघायचं. छापलेली सही ठिपक्यांची किंवा सपाट असते. खऱ्या शाईत जाड-बारीक असतं, दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथे रंग गडद होतो, पेन टेकलं तिथे थेंब साचतो. व्हॉनेगटच्या सहीत हे सगळं दिसतं. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिवाही घेतलाय. 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत उजाळा देणारी रसायनं असतात, ती या दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. 1930च्या पुस्तकात एकच पान असं चमकलं तर ते पान नंतर घातलेलं आहे.

19 मार्च

नोंद थोडी वेगळी. आज ऑफिसच्या कामासाठी दक्षिण शिकागोतल्या 350 ईस्ट सर्माक रोडवरच्या डेटा सेंटरमध्ये जायचं होतं. यंत्रांच्या रांगा, गार वारा, कानात बसणारा आवाज. बाहेर येऊन वर पाहिलं. गॉथिक धाटणीची भिंत, आणि त्यावर जुन्या मुद्रकांची चिन्हं कोरलेल्या ढाली. ही आर. आर. डॉनेली कंपनीच्या लेकसाइड प्रेसची इमारत, 1912 ते 1929 या काळात टप्प्याटप्प्याने बांधलेली. इथे टेलिफोन डिरेक्टऱ्या छापल्या गेल्या, सीअर्सचे कॅटलॉग छापले गेले.

आणि याच प्रेसने 1930 साली रॉकवेल केंटच्या चित्रांचं ‘मोबी डिक’ काढलं. तीन खंड, हजार प्रती, अॅल्युमिनियमच्या पेटीत. आपला छापखाना नुसत्या याद्या-डिरेक्टऱ्यांचा नाही, आपल्याला सुंदर पुस्तकही करता येतं, हे दाखवण्यासाठी डॉनेलींनी चार अमेरिकन पुस्तकं करायला घेतली होती, त्यातलं हे एक. त्यांनी हाताने बांधणी करणारा वेगळा विभागही ठेवला होता आणि त्यासाठी आल्फ्रेड द सोती हा नावाजलेला बांधणीकार लंडनहून बोलावला होता.

या ‘मोबी डिक’वर सही नाही, म्हणून ते माझ्या कपाटात येणार नाही. किंमतही माझ्या आवाक्यातली नाही. पण त्याची पुढची गोष्ट माझ्या कामाशी जोडलेली आहे. त्याच वर्षी रँडम हाउसने त्याच चित्रांची एका खंडातली स्वस्त आवृत्ती काढली. मुखपृष्ठावर केंटचं नाव होतं, हर्मन मेल्व्हिलचं नव्हतं. 1891 मध्ये जवळजवळ विस्मृतीत मेलेला लेखक, ज्या पुस्तकाने हजारो घरांत पोचला, त्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो नाही.

फुटपाथवर उभी राहून पाच मिनिटं त्या ढाली बघितल्या. सुरक्षारक्षकाने काय हवंय विचारलं. छापखाना बघतेय, म्हटलं.

6 एप्रिल

‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ मिळालं! लिमिटेड एडिशन्स क्लब, 1940, दोन खंड. चार महिन्यांचे पैसे गेले आणि पुढच्या तिनांचे उसने घेतले. ऑगस्टपर्यंत खरेदी बंद.

कादंबरी एप्रिल 1939ची. वर्षाच्या आत बेंटनने ती चित्रांत उतरवली. ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाकडे निघालेलं जोड आडनावाचं कुटुंब, धुळीने गिळलेली शेतं, खच्चून भरलेला ट्रक. चित्रं शिळाछापाची, म्हणजे दगडावर तेलकट खडूने काढून मग छापायची. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्या शिळाप्रेसवर निघत त्याच जातीचं तंत्र. बाबांनी ‘शिळाप्रेस’ हा शब्द ऐकल्याबरोबर मान डोलावली.

बांधणी बघण्यासारखी आहे. पुठ्ठ्यांवर गवती विणीचं कापड, आणि कण्याला कच्चं कातडं. कच्चं म्हणजे न कमावलेलं. केस काढून, ताणून, वाळवलेलं, बस. पिवळट, घट्ट, बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजतं. जमिनीवरून हाकललेल्या माणसांच्या कादंबरीला मऊ, झिलईदार मोरोक्को, म्हणजे कमावलेलं शेळीचं कातडं, लावला असता तर तो खोटा वाटला असता. ज्याने हे ठरवलं त्याने कादंबरी नीट वाचली होती, हे बांधणीवरून कळतं.

काळजी एकच. कच्चं कातडं दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत ताणतं. दोन्ही खंडांचे कणे आज मोजून ठेवले, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात फरक कळेल.

28 एप्रिल

पहिला खंड वाचून झाला. दिवसाला चाळीस पानं, हात धुऊन, टेबलावर पाचर ठेवून. हातमोजे घालत नाही. सुती मोज्यांत बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटतं. स्वच्छ, कोरडे हात बरे.

आठवीतल्या मुलीने विचारलं, फोनवर फुकट आहे ते एवढं मोठं पुस्तक उचलून का वाचतेस? तिला शेजारी बसवून बाविसाव्या पानावरचं चित्र दाखवलं आणि तोच परिच्छेद मोठ्याने वाचला. ती तासभर उठली नाही. उत्तर म्हणून काही सांगावं लागलं नाही.

11 मे

आता आजारी खंड. ‘द स्कार्लेट लेटर’.

आधी माझी चूक लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी, हा खंड आला तेव्हा, कातडं सुकलेलं बघून मी त्याला तेल लावलं. आमच्या घरी कोल्हापुरी चपलांना तेल लावायचे, कातडं पुन्हा मऊ व्हायचं, करकर वाजायचं बंद व्हायचं. तेच डोक्यात होतं. चपलेला जे चालतं ते पुस्तकाला चालत नाही. तेल कण्यातून आत झिरपलं, अस्तराच्या कागदावर तपकिरी ओहोळ आला, वरची बाजू चिकट झाली आणि त्यावर धूळ बसली. जुन्या पुस्तकांतून असं तेल लावायचा सल्ला सर्रास दिला जायचा. आताचे जतनकार नको म्हणतात. माझ्या खंडावरचा तो ओहोळ आता जाणार नाही.

शहरातल्या एका जतनकार बाईंकडे आज खंड नेला. त्यांनी कण्याच्या सुटलेल्या कपच्याच्या एका कणावर व्हॅनिलिनचा थेंब टाकला, मग आम्लाचा. कण लालभडक झाला. “कंडेन्स्ड टॅनिन,” त्या म्हणाल्या. “रेड रॉट होणारच होता.”

कातडं कमावायला झाडाची साल किंवा पानं वापरतात. त्यांतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, ढोबळमानाने दोन जातींची. सुमाकसारख्या पानांतलं टॅनिन टिकाऊ. हेमलॉक, बाभूळ यांच्या सालीतलं दुसऱ्या जातीचं, तेच ‘कंडेन्स्ड’. कोळशाच्या धुरातला आणि गॅसच्या दिव्यांतला गंधकाचा वायू हे दुसऱ्या जातीचं कातडं शोषून घेतं आणि त्याचं आतल्या आत गंधकाम्ल होतं. मग कातडं भुगा होऊन झडू लागतं, विटकरी रंगाचा. हाच रेड रॉट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कितीतरी बांधण्या अशा झडल्या.

मी विचारलं, सालींची पूर्ण यादी आहे का? त्यांनी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीचा अहवाल काढला, 1901चा, बांधणीच्या कातड्याबद्दलचा. व्यापारात ‘पर्शियन’ म्हणून विकलं जाणारं कातडं तिथे सगळ्यांत वाईटांत धरलंय. ते इराणचं नव्हेच. ते हिंदुस्थानात कमावलेलं शेळ्या-मेंढ्यांचं कातडं, मद्रास इलाख्यातून लंडनला जाणारं. आणि झाड कोणतं? टरवार.

तरवड!

12 मे

रात्रभर तरवड डोक्यात. फलटणच्या वाटेवर, माणदेशाच्या माळावर, जिथे दुसरं काही उगवत नाही तिथे पिवळ्याधमक फुलांनी उभा असणारा तरवड. आजोळी जाताना एसटीच्या खिडकीतून दिसायचा तो. त्याची साल काढायची, कुटायची, कुंडात कातडं भिजत ठेवायचं, वर हिरड्याचं पाणी द्यायचं. पिढ्यान्पिढ्या हे काम करणाऱ्या हातांनी केलेलं कातडं मोट, चप्पल, पखाल यांसाठी उत्तम होतं. ती त्याच कामाची वस्तू होती. ते पुस्तकाच्या कण्यावर गेलं, गॅसच्या दिव्याखाली, कोळशाच्या धुरात, आणि तिथे ते टिकलं नाही. दोष ज्यांनी कमावलं त्यांचा नव्हता. स्वस्त पडतं म्हणून ज्यांनी जागा बदलली त्यांचा होता.

माझ्या खंडाचं कातडं अमेरिकन हेमलॉकनेही कमावलेलं असेल, कारण तोही त्याच जातीचा. परीक्षेत दोन्ही लालच होतात. पण आता त्या विटकरी भुग्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. काल फेकणार होते, आज कागदाच्या पुडीत जपून ठेवला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “सही चित्रकाराची म्हणतेस. मग कातड्यावर कुणाची?” मग स्वतःच गप्प झाले.

8 जून

उपचार. झडणारं कातडं धरून ठेवायला क्लुसेल-जी, म्हणजे हायड्रॉक्सिप्रोपाइल सेल्युलोज, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये दोन टक्के. पाणी बिलकूल नाही. असं झडलेलं कातडं पाण्याने काळं पडतं आणि कडक होतं, ते कायमचं. खिडक्या उघड्या, मऊ ब्रश, आधी मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या काठावर एक सेंटिमीटर लावून पाहिलं. रंग किंचित गडद झाला, वाळल्यावर परत आला. मग कणा, मग कोपरे. एका बैठकीत एकच थर.

तासाभराने पांढरं सुती फडकं हलकेच फिरवलं. अजून लाल येतं, पण निम्मं.

15 जून

दुसरा थर. फडक्यावर फिकट गुलाबी.

आतला सांधा फाटला होता तो कोझो या पातळ, चिवट जपानी कागदाने जोडला. गव्हाच्या स्टार्चची खळ शिजवली. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पांढरं दूध पारदर्शक होईपर्यंत. आई व्हिडिओवर होती. “हा तर कुरडईचा चीक,” म्हणाली, “खाली लागेल, आच कमी कर.” खरंच खाली लागत होतं. खळ कापडातून दोनदा गाळली. कणभरही कातड्याला लागू दिली नाही, फक्त कागदाला कागद.

4 जुलै

सुट्टी. हॅनिबलला गेलो, मार्क ट्वेनचं बालपण गेलं त्या गावी, मिसिसिपीच्या काठी, पाच तास गाडी. गावात टॉम सॉयरचा उत्सव, मुलं कुंपण रंगवायच्या शर्यतीत. नदी बेंटनच्या रेघेसारखीच वळते. नाहीतर मला आता तशीच दिसते.

17 ऑगस्ट

पुस्तकांच्या बाजारात एक दिवस. आज फक्त बघायचं ठरवून गेले होते, आणि तसंच केलं.

काचेआड ‘ईस्ट ऑफ ईडन’, व्हायकिंग, 1952, स्टाइनबेकच्या सहीच्या पंधराशे प्रतींपैकी. त्यातल्या साडेसातशे विकायच्या नव्हत्या, खासगी वाटपाच्या होत्या. शेजारी फॉकनरचं ‘द रीव्हर्स’, सहीच्या पाचशे प्रती. पुस्तक जून 1962 मध्ये आलं आणि जुलैच्या 6 तारखेला फॉकनर गेला. सही अगदी बारीक, मुंगीच्या पावलांसारखी.

कोपऱ्यात ‘फॅरेनहाइट 451’, 1953, सहीच्या दोनशे प्रती. बांधणी अॅस्बेस्टॉसची. पुस्तकं जाळणाऱ्या अग्निशामकांची कादंबरी, म्हणून न जळणारा पुठ्ठा. कल्पना अंगावर येणारी, आणि पदार्थ फुप्फुसाला घातक. विक्रेत्याने ती सीलबंद ठेवलीय, उघडायला देत नाही, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र न उघडता येणारं पुस्तक घरात नको. माझा नियम त्या पेटीसमोर उभं राहून पक्का झाला.

एका म्हाताऱ्या विक्रेत्याशी बोलणं झालं. सह्या कशा होतात ते त्याने छान सांगितलं. बहुतेक वेळा पुस्तक लेखकाकडे जातच नाही. सुटी पानं गठ्ठ्याने जातात, लेखक रोज शे-दोनशे करतो, गठ्ठा बाइंडरकडे परत जातो आणि तिथे ती पानं शिवली जातात. पानं जास्तीची पाठवावी लागतात, कारण शाई सांडते, पान दुमडतं, हात थकतो. मार्क ट्वेनच्या सदतीस खंडांच्या एका संचात, 1922 ते 25 मध्ये निघालेल्या, 1024 संचांना पुरतील एवढी त्याची सहीची पानं घातलेली आहेत. ती त्याने 1906 साली करून ठेवली होती. म्हणजे माणूस जाऊन बारा वर्षं झाली आणि सह्या कुठेतरी गठ्ठ्यात पुस्तकाची वाट बघत होत्या. हे ऐकून मी खुर्ची मागून बसलेच.

7 सप्टेंबर

‘स्कार्लेट लेटर’साठी पेटी. पुस्तक 221 × 152 × 41 मिमी. स्लिपकेस नको, कणा घासेल. दोन तबकं एकमेकांत बसणारी, वरून पुस्तकासारखं कवच, म्हणजे क्लॅमशेल. अडीच मिलिमीटरचा करडा पुठ्ठा, आम्लमुक्त. सगळ्या तुकड्यांचा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर ठेवायचा, नाहीतर पेटी वाकते. पुठ्ठ्याचा धागा बघायला तो दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहायचा. ज्या बाजूने सहज वाकतो तो धागा.

आतल्या तबकात पुस्तकाभोवती दीड-दीड मिलिमीटर मोकळीक.

8 सप्टेंबर

बाहेरचं तबक कमी पडलं. कापडाची जाडी दोन्ही बाजूंनी धरायची राहिली, एकूण सव्वा मिलिमीटरचा फरक, आणि झाकण बसेना. दाबून बसवलं असतं, पण मग रोज कण्यावर दाब. तोडलं. पुन्हा कापायचं.

5 ऑक्टोबर

दुसरं तबक बसलं. झाकण सोडलं की हवेवर हळूहळू खाली येतं, आवाज न करता. चार वेळा उघडून मिटून बघितलं, मग नवऱ्याला बोलावून दाखवलं, मग मुलीला.

कापड गडद पिवळं घेतलं. दुकानात त्याला मोहरी म्हणत होते. मी तरवडी म्हणते.

19 ऑक्टोबर

पेटीच्या आत एक चिठ्ठी चिकटवायची आहे: केव्हा काय उपचार केले, कोणतं द्रावण, किती टक्के, खळ कसली. तेल लावल्याचंही लिहिलं, तारखेसकट. माझ्यानंतर ज्याच्या हाती हे पुस्तक जाईल त्याला ओहोळ कशाचा हे कळलं पाहिजे. भुग्याची पुडी वेगळ्या पाकिटात, पेटीच्या तळाशी.

चिठ्ठीखाली सही करावी की नाही, यावर दोन दिवस घुटमळले. बाबांना विचारलं. “काम तू केलंस ना? मग कर,” म्हणाले. केली, पेन्सिलीने, बारीक.

9 नोव्हेंबर

भट्टी पुन्हा सुरू. या वर्षी ह्युमिडिफायर आधीच लावलाय, कपाटात 42 टक्के. ‘ग्रेप्स ऑफ रॉथ’चे कणे मोजले: पहिल्या खंडात फरक नाही, दुसरा अर्ध्या मिलिमीटरने आत. लक्ष ठेवायचं. व्हॉनेगटचा उचललेला कोपरा उन्हाळ्यात आपोआप बसलाय.

‘हकलबेरी फिन’, 1942, बेंटनची सही, यासाठी एका विक्रेत्याला लिहिलंय. दोन फोटो मागितलेत. उत्तर आलं नाही अजून.

‘स्कार्लेट लेटर’ पेटीतून काढून कण्यावर पांढरं फडकं फिरवलं. खिडकीशी नेऊन बघितलं. लाल काही आलं नाही. पुढची तपासणी फेब्रुवारीत.